पैशापलीकडची रसद

मतदारयादीतली नावे कशी गळतात, निवडणूक रोखे कोणी घेतले, माहिती अधिकाराला कुठे कात्री लागली, असा कुठलाही प्रश्न एखाद्या संस्थेने उचलला की आपल्याकडची चर्चा दोन-चार मिनिटांत ठरलेल्या जागी येऊन ठेपते: यांना पैसा कोण पुरवतो? एक बाजू म्हणते, परदेशी पैशावर चालणाऱ्यांनी आम्हाला लोकशाही शिकवू नये. दुसरी बाजू परदेशी देणगी कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्त्या मोजून दाखवते. मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, मुख्य खाते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उघडावे लागते. तेव्हा आधी हा फास सैल करा, असे तिचे म्हणणे. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण दोघींचे गृहीतक एकच आहे: पैसा आला की काम होते आणि पैसा थांबला की काम थांबते. या गृहीतकामुळे सगळा वाद भरकटला आहे.

कारभार कागदावरून संगणकावर गेला, पण त्यावर नजर ठेवण्याची नागरिकांची साधने तिथवर पोचलेली नाहीत. हे अंतर भरून काढणाऱ्या गटांना काय कमी पडते ते जवळून पाहावे. वापरता येईल अशा स्वरूपातली माहिती, अधिकाऱ्याचे दोन तास, वकिलाची नजर, वर्षभर टिकणारे तांत्रिक हात, रविवारी उघडी मिळणारी खोली, आणि एखादे पोर्टल आखले जात असताना बैठकीत बसायची जागा. यातले बरेचसे कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. ते सरकारी कार्यालयांकडे, महाविद्यालयांकडे, व्यावसायिकांकडे आहे. देणग्यांचा वाद जितका रंगतो तितके हे सगळे आपल्या जबाबदारीतून अलगद सुटतात. म्हणून माझे म्हणणे असे, की या गटांना पैशाव्यतिरिक्त जे देता येते ते देणे हे सार्वजनिक कर्तव्य मानले पाहिजे आणि त्याचा हिशेब देणग्यांइतक्याच काटेकोरपणे मागितला पाहिजे.

निवडणूक रोख्यांचेच, म्हणजे नाव उघड न करता पक्षांना देणगी देण्याच्या रोख्यांचेच, प्रकरण घ्या. निवृत्त कमोडोर लोकेश बत्रा वर्षानुवर्षे माहिती अधिकारात अर्ज करत राहिले आणि रोख्यांची किती विक्री झाली याचे आकडे बाहेर येत राहिले. केंद्र सरकारच्या कार्यालयात अशा एका अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेची याचिका २०१७ ची, निकाल १५ फेब्रुवारी २०२४ चा: रोखे घटनाबाह्य ठरले आणि त्यांचा तपशील जाहीर करायचा आदेश झाला. पण निकालानंतर जे घडले ते आपल्या मुद्द्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. १४ मार्चला निवडणूक आयोगाने दोन याद्या प्रसिद्ध केल्या. एकीत रोखे घेणारे, दुसरीत ते वटवणारे पक्ष, मिळून सातशेहून जास्त पाने. दोन्ही याद्या खऱ्या होत्या, तरी कोणाचा रोखा कोणत्या पक्षाकडे गेला हे त्यांतून कळत नव्हते, कारण दोन्हींना जोडणारा रोख्याचा क्रमांकच त्यांत नव्हता. न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर २१ मार्चला तो क्रमांक आला, आणि मग पत्रकारांनी, विद्यार्थ्यांनी, हौशी प्रोग्रॅमरांनी त्या याद्या स्प्रेडशीटमध्ये आणून जुळवल्या. सारे अडले होते एका रकान्यावर. कोट्यवधींची देणगी हाताशी असती तरी कुठल्या संस्थेला तो रकाना विकत घेता आला असता?

माहिती ‘दिली’ म्हणणे आणि ती वापरता येणे यांत किती अंतर आहे, हे मराठीत काम करणाऱ्यांना सर्वांत जास्त जाणवते. कार्यालयात मजकूर श्रीलिपीत किंवा कृतिदेवात टंकलिहिलेला असतो. तो दुसऱ्या संगणकावर उघडला की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या समान अक्षरसंकेतातले, नाहीत. हे टाळायला कार्यालय काय करते? छापील पान स्कॅन करून पीडीएफ टाकते. ती फाइल म्हणजे पानाचा फोटो, त्यात शब्द शोधता येत नाही. मजकूर काढायला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर, चालवले तर जोडाक्षरे आणि रफार हटकून बिघडतात, तिरप्या स्कॅनवर शिरोरेषाही तुटते. आणि फाइल युनिकोडमध्ये असली तरी सुटका होतेच असे नाही. ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘शेतकर्‍यांना’ हे शब्द डोळ्याला सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे आहेत: एकात नुक्त्याचा ऱ आहे, दुसऱ्यात साधा र आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह. एका रूपाने शोधले तर दुसऱ्या रूपातल्या नोंदी सापडत नाहीत आणि लाभार्थ्यांची मोजणी गुपचूप कमी येते. आकड्यांचेही तसेच. देवनागरी अंकांत भरलेला रकाना स्प्रेडशीट बऱ्याचदा मजकूर समजते, बेरीज शून्य दाखवते, आणि रोमन व देवनागरी अंक मिसळलेले असतील तर निम्मीच बेरीज करते. ही निम्मी बेरीज शून्यापेक्षा घातक, कारण ती खरी वाटते. हा सगळा उपद्व्याप निस्तरण्यात छोट्या गटाचे महिने जातात. तो टाळायला कार्यालयाला काय लागेल? मूळ स्प्रेडशीट आहे तशी, युनिकोडमध्ये टाकणे. त्यासाठी वेगळी तरतूद लागत नाही.

कायद्याचे पाठबळही आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(४) मध्ये स्थानिक भाषा आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपाचा उल्लेख आहे. कलम २(ञ) नुसार संगणकात साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागता येते. कलम ७(९) सांगते, की माहिती सामान्यतः मागितलेल्या स्वरूपातच द्यावी. याच कलमाच्या उत्तरार्धाचा, म्हणजे साधनसामग्री अवाजवी वळवावी लागेल या सवलतीचा, आधार घेऊन अर्ज फेटाळले जातात, ते चूक आहे. ती सवलत फक्त स्वरूप बदलण्याची आहे, माहिती नाकारण्याची नाही. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांपर्यंतचा आणि एकाच विषयावरचा असावा लागतो. त्यामुळे लांबलचक प्रस्तावना गाळून ‘मूळ स्प्रेडशीटच्या स्वरूपात, युनिकोड देवनागरीत, ईमेलने द्यावी’ हे वाक्य पहिल्या तीन ओळींत आलेले बरे.

इथे विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो: खाजगीपणा. मतदारयादी सहज शोधता येईल अशी टाकली तर कोणीही वस्तीनुसार, धर्मानुसार, वयानुसार माणसे वेचून काढेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शोधता येण्याजोग्या यादीची मागणी मान्य केली नाही, तेव्हा आयोगाच्या बाजूने खाजगीपणाचाच मुद्दा पुढे होता. आक्षेप खरा आहे, हात झटकून टाकण्याजोगा नाही. पण फोटोरूपी पीडीएफने नेमके कोण अडते? ज्या पक्षाकडे किंवा प्रचार कंपनीकडे यंत्रे आणि माणसे आहेत, ती लाखो पाने ओसीआरमधून काढते आणि चुका माणसांकडून दुरुस्त करून घेते. अडतो तो तालुक्यातला पाच जणांचा गट, ज्याला आपल्या पाच प्रभागांतली दुबार आणि गळालेली नावे शोधायची आहेत. म्हणजे या कुंपणाला फाटक आहे आणि ते पैसेवाल्यांसाठी उघडे आहे. मधला मार्ग निघतो हे पुढे दिसलेच. बिहारमधल्या मतदारयादीच्या विशेष पुनरीक्षणात सुमारे ६५ लाख नावे मसुदा यादीत आली नाहीत, तेव्हा १४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नावे कारणांसह, मतदान केंद्रांनुसार आणि मतदार ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधता येतील अशी प्रसिद्ध करायला सांगितले. आपले नाव का गळाले हे त्यातून पाहता येते, आणि ओळखपत्राचा क्रमांक हातात असल्याशिवाय त्या शोधाने कोणाचे नाव निघत नाही. उलट खाजगीपणाचे नाव घेऊन दार लावण्याचे उदाहरणही ताजे आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खाजगीपणावर अनाठायी आक्रमण करणारी माहितीच त्याखाली रोखता येत असे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे कारण पुरते. कलम ८(२) मधला जनहिताचा मार्ग शिल्लक आहे, पण जनहित पटवून द्यायचे ओझे बहुतेक वेळा अर्जदाराच्याच खांद्यावर येते.

पैशाशिवायची मदत ही काही आजची कल्पना नाही, आणि महाराष्ट्राला तर तिचा विसर पडूच नये. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा पुण्यात भिड्यांच्या वाड्यात भरली. वाडा मिळाला म्हणून शाळेला पत्ता मिळाला. घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली, आणि त्या काळच्या पुण्यात हे देणे थैलीपेक्षा मोठे होते. १८७० मध्ये पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली तेव्हा तिच्या ९५ सभासदांमागे सहा हजारांहून अधिक लोकांची मुखत्यारपत्रे होती. सरकार तुम्ही कोणाच्या वतीने बोलता असे विचारणार, त्याचे उत्तर त्या सह्यांत तयार होते. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने तालुक्यातालुक्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारी आकड्यांसमोर आपले आकडे ठेवले. आजच्या भाषेत त्याला स्वतंत्र विदा-पडताळणी म्हणतात. ती झाली पत्रे लिहिणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या, इंग्रजीत अर्ज उतरवून देणाऱ्या माणसांच्या वेळेवर. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणे धरले, तेव्हा गावांतून धान्य आले आणि शहरातून भाजीपाला. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्याच संघटनेची. तिथून सुरू झालेली वाट २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत गेली.

आता पैशाच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. फुकटच्या श्रमावर चळवळ चालवा असे सांगणे सोपे असते ते पोटापाण्याची सोय झालेल्यांना. संध्याकाळी लॅपटॉप उघडून स्वयंसेवा करू शकणारा माणूस बहुधा शहरातला, पगारी आणि पुरुष असतो. गावात शिधापत्रिकांची पडताळणी करत फिरणाऱ्या कार्यकर्तीचा दिवस बुडतो, तिला ‘तुमचे योगदान अमूल्य आहे’ असे प्रशस्तिपत्र देणे हा अन्याय आहे. तिला मानधन मिळालेच पाहिजे, आणि त्यासाठी देणग्यांवरचे अवाजवी निर्बंध सैल व्हावेत ही मागणी रास्त आहे. पण मानधन मिळाले म्हणून तिच्या हाती पडताळणीसाठी यादी येते का? यादी मिळत नसेल तर तिचे निम्मे दिवस तहसील कार्यालयाच्या बाकावर जातील, एवढाच फरक. पैसा आणि इतर मदत एकमेकांची जागा घेत नाहीत. मात्र दुसरी नसेल तर पहिला वाया जातो, हे आपण मोजत नाही.

आणखी एक आक्षेप आतल्यांकडून येतो, आणि तो मला अधिक टोचतो: फुकट मिळालेली गोष्ट गळ्यात अडकते. कंपनी वर्षभर सॉफ्टवेअर मोफत देते, संस्था आपली सगळी नोंदवही त्यात भरते, दुसऱ्या वर्षी दर लागू होतो आणि नोंदी बाहेर काढायची सोय सापडत नाही. हॅकेथॉनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या सलग चालणाऱ्या स्पर्धेत, ३६ तासांत ॲप तयार होते, फोटो निघतात, सहा महिन्यांनी फोनची नवी आवृत्ती येते, ॲप उघडत नाही आणि ते बनवणारा मुलगा नोकरीला लागलेला असतो. सर्वांत नेहमीची गफलत तर अगदी साधी आहे. संस्थेचे संकेतस्थळ एका स्वयंसेवकाच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदवलेले असते. तो निघून जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या पेटीत पडून राहते, मुदत संपते, आणि तो पत्ता दुसराच कोणी घेऊन त्यावर जुगाराची जाहिरात लावतो. पाच वर्षांच्या अहवालांचे दुवे एका रात्रीत तिकडे वळतात.

या आक्षेपाला उत्तर आहे, ते म्हणजे मदत घेण्याची शिस्त. मोफत साधन घेताना पहिल्याच दिवशी सगळ्या नोंदी कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढून पाहायच्या. निघत नसतील तर ते साधन घ्यायचे नाही. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता), ईमेल, समाजमाध्यमांची खाती संस्थेच्या नावावर, दोन विश्वस्तांकडे चाव्या, द्विस्तरीय पडताळणी सुरू, आणि खाते परत मिळवण्याचे संकेतांक छापून तिजोरीत. तांत्रिक मदतनिसाकडून ‘काहीतरी बनवून दे’ असे न मागता ‘आठवड्याला तीन तास, एक वर्ष, आणि शेवटचे दोन महिने दुसऱ्याला शिकवण्यासाठी’ असे लेखी ठरवायचे. बार्सिलोना महापालिकेने २०१६ मध्ये लोकसहभागासाठी उभारलेले ‘डेसिडिम’ आज इतर देशांतली शहरेही वापरतात, कारण ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. ज्याने मदत केली तो निघून गेला तरी दुसरा कोणी ते उघडून दुरुस्त करू शकतो.

सरकारकडून मदत घेतली की धार बोथट होते, हेही ऐकू येते. अधिकाऱ्याच्या शेजारी खुर्ची मिळाली की प्रश्न विचारायची जीभ जड होते, याची उदाहरणे आहेत. म्हणून मदत व्यक्तीला किंवा मर्जीतल्या संस्थेला न देता नियमाने सर्वांना मिळाली पाहिजे. सरकारी योजनांची माहिती लोकांपुढे ठेवणारे राजस्थानचे जनसूचना पोर्टल सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. त्याआधी सरकारी खाती आणि कार्यकर्ते एकत्र बसले होते. कोणत्या योजनेचा कोणता रकाना गावातल्या माणसाला लागतो, हे कार्यकर्त्यांना जनसुनावण्यांतून पाठ होते. पोर्टल झाले ते मात्र सगळ्यांचे, त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कार्यालयांतले अभिलेख नागरिकांना पाहू द्यावेत असा आदेश निघाला, त्याचा गाभाही हाच. दोन तास, एक टेबल, एक कारकून. आणि सरकार आडमुठेपणा करते तिथेही लोक वाट काढतात. तैवानमध्ये राजकीय देणग्यांचे हिशेब कायद्याने फक्त जाऊन पाहता येत आणि झेरॉक्स काढता येत. २०१४ मध्ये ‘गव्हझिरो’ या स्वयंसेवकांच्या गटाने त्या झेरॉक्स प्रतींची कापून लाखो छोटी चौकटचित्रे केली आणि ती लोकांसमोर ठेवली: एका चौकटीत दिसते ते टाइप करा. हजारो लोकांनी एका दिवसात तीन लाखांच्या आसपास चौकटी भरून दिल्या. पुढे २०१८ मध्ये कायदा बदलला आणि हे हिशेब ऑनलाइन आले.

वकिलांचा उल्लेख सहसा शेवटी येतो, खरे तर तो आधी यायला हवा. मोफत कायदेशीर मदतीचा १९८७ चा कायदा व्यक्तींसाठी आहे, संस्थांना तो उपयोगी नाही. आणि संस्थेला वकील लागतो तो खटला उभा राहिल्यावर नव्हे, अहवाल छापण्यापूर्वी. ‘घोटाळा’ हा शब्द कुठे टिकतो आणि ‘नोंदींत तफावत’ एवढेच कुठे म्हणावे, हे सांगायला जाणत्या वकिलाला दोन तास पुरतात. ते दोन तास मिळाले नाहीत की बदनामीची नोटीस येते आणि घाबरलेला गट सगळा अहवालच खाली उतरवतो. जिल्हा वकील संघांनी अशा वाचनासाठी पाच-सहा नावांची फिरती यादी ठेवली, तर एका वकिलाच्या वाट्याला वर्षातून एखाददुसराच अहवाल येईल.

महाविद्यालयांकडे तर तयार मनुष्यबळ आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास सेवा द्यायची असते. ५० विद्यार्थ्यांच्या गटाचे ते ६,००० तास होतात. त्यातले ६०० जरी उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांना दिले तरी विधानसभेच्या काही मतदारसंघांची हस्तलिखित पाने शोधता येतील अशी होतील. पद्धत अवघड नाही. प्रत्येक पान दोघांनी एकमेकांचे न पाहता भरायचे, संगणकाने जुळवायचे, फरक दिसेल तिथे तिसऱ्याने मूळ पान उघडून निर्णय द्यायचा. चुका ठरावीक जागी होतात: लाखाचे स्वल्पविराम घसरतात, आणि रिकामा रकाना, ‘निरंक’ व ‘लागू नाही’ या तिन्हींच्या जागी शून्य भरले जाते. दुसरी चूक अक्षम्य आहे, कारण उमेदवाराने रकाना रिकामा ठेवता कामा नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले आहे, आणि रिकामा रकाना हीच शोधण्याजोगी बातमी असते. हे काम करायला मुले तयार होतात, स्कॅन केलेली पाने आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, यंत्रे प्रयोगशाळेत असतात. अडते ते रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असते म्हणून. किल्लीसाठी प्राचार्यांना लिहायचे पत्र एका पानाचे आहे: कोणते चार रविवार, किती तास, किती यंत्रे, उपस्थित प्राध्यापक कोण, आणि तयार झालेली फाइल कोणाच्या ताब्यात राहील.